ईदचं कार्ड, दोन लिपी आणि एक कातर

चांद दिसल्याची खबर हल्ली मशिदीच्या भोंग्याआधी फोनवर येते. त्यानंतर तासाभरात शुभेच्छांचा पूर लोटतो. सोनेरी चंद्रकोर, लोंबते कंदील, मागे निळा घुमट आणि खाली चमचमत्या अक्षरांत ‘ईद मुबारक’. तेच चित्र दुबईतल्या मावसभावाकडून येतं, तेच नगरसेवकाकडून, तेच गॅस एजन्सीकडून आणि ज्या दुकानातून आपण कधीतरी एकदाच चपला घेतल्या होत्या त्या दुकानाकडूनही तेच. आपणही ते पुढे ढकलतो. पाठवणाऱ्याला आपलं नाव लिहावं लागलेलं नसतं आणि आपल्यालाही त्याचं वाचावं लागत नाही. या शुभेच्छा खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांना कुणाचा हात लागलेला नसतो, हे आपल्या सगळ्यांनाच कळतं.

मी दौंडमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. गेली काही वर्षं रमजानमध्ये मी वर्गातल्या मुलामुलींकडून ईदची कार्डं करून घेते. जाड कागद, घोटीव कागदाचे कापलेले आकार, भोवती चौकट आणि आत हाताने लिहिलेल्या दोन ओळी. यावरून स्टाफरूममध्ये, पालकसभेत आणि मोहल्ल्यात मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं एकदा नीट मांडावीत म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: ईदचं कार्ड हाताने करणं हे मुलांसाठी भाषेचं आणि हाताचं शिक्षण आहे. शिवाय शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याचं ते एक साधं, बिनखर्चाचं निमित्त आहे. अशी निमित्तं आता फार उरलेली नाहीत, म्हणून हे तरी आपण सोडू नये.

कार्ड आपल्याकडे आलं कसं

नाताळचं पहिलं छापील कार्ड इंग्लंडातलं. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. कारण गमतीचं होतं. टपाल स्वस्त झाल्यामुळे पत्रं वाढली होती आणि प्रत्येकाला सवडीने उत्तर लिहायला त्यांना वेळ नव्हता. म्हणजे छापील कार्ड जन्माला आलं तेच वेळ वाचवण्यासाठी! हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘जुनी कार्डं प्रेमाची आणि आताचे फॉरवर्ड कोरडे’ असं सोपं गणित मांडलं जातं. ते खरं नाही. छापलेलं कार्ड विकत घेऊन खाली फक्त सही करणारी माणसंही तेव्हा होतीच.

आपल्याकडे रेल्वे आणि टपाल पसरलं, तशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ईदकार्डंही निघू लागली. आमच्या दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ चा. असे मार्ग झाले, माणसं नोकरीसाठी लांब गेली, ईदला घर गाठणं प्रत्येकाला जमेना. मग माणसाऐवजी कार्ड घरी पोचू लागलं. मुंबई, दिल्ली, लाहोर इथले छापखाने ती काढत. मुंबईच्या ‘बोल्टन फाइन आर्ट लिथो वर्क्स’ची ईदकार्डं संग्राहकांनी आजही जपून ठेवली आहेत. सुरुवातीच्या काळात तर युरोपातून आलेल्या तयार चित्रांवर उर्दूत ‘ईद मुबारक’ छापून काम भागवलं जाई. चित्र परदेशी, अक्षरं आपली.

माझ्या पिढीने पाहिलेली कार्डं ऐंशी-नव्वदच्या दशकातली. रमजान लागला की स्टेशनरीच्या दुकानात दोरीला अडकवलेली कार्डं झुलायची. मक्का-मदिना, गुलाब, चांदतारा. पाकिटाचं तोंड न चिकटवता वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं, म्हणजे तिकीट कमी लागायचं. घाईत असलेले लोक तार करत. तारखात्याच्या ठरीव शुभसंदेशांच्या यादीत ‘ईद मुबारक’ही होतं. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. कार्डं त्याआधीच दोरीवरून उतरली होती. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळची कार्डं त्यानंतरही काही वर्षं भिंतीवर ओळीने लावलेली दिसत. आता तीही विरळ झाली आहेत.

तेव्हा मला जुनं छापील कार्ड परत आणायचं नाही. जे वेळ वाचवायला निघालं होतं त्याची जागा आणखी वेळ वाचवणाऱ्या वस्तूने घेतली, यात नवल नाही. मी म्हणते आहे ते कार्ड वेगळं आहे. ते करायला वेळ लागतो, आणि तेवढाच त्याचा अर्थ आहे.

कागद आपला, कातरकामही आपलं

‘हे ख्रिश्चनांचं अनुकरण आहे’ हा आक्षेप मला पहिल्याच वर्षी ऐकावा लागला. त्याचा दीनी भाग पुढे बोलू. आधी इतिहासाचा बोलू.

कागद हा शब्दच आपल्या मराठीत फारसीतून आला आहे. कलम, दौत, शाई, दफ्तर, लिफाफा हे त्याचे सोबती. आमच्या पुणे जिल्ह्यातलं जुन्नर हे हातकागदाचं जुनं केंद्र. पेशवाईच्या काळात तिथला कागद प्रसिद्ध होता. पुण्याच्या कसबा पेठेत आजही कागदीपुरा आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे लोक आपली परंपरा महंमद तुघलकाने राजधानी हलवली त्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत नेतात. हा धंदा मुख्यतः मुसलमान कारागिरांचा. कागदी, कागजी ही आडनावं त्यातूनच आली. मराठी राज्याचा हिशेब, पत्रव्यवहार आणि वतनांचे कागद ज्यावर लिहिले गेले तो कागद लगद्यातून उचलणारे हात हे होते. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली तीही याच मरत चाललेल्या कसबाला वाचवण्यासाठी. आणि आज? दौंडहून सोलापूरच्या दिशेने जा, भिगवणला गुळगुळीत छपाईच्या कागदाचा मोठा कारखाना लागतो. कागद आपल्या वाटेवरच बनतो आहे.

कागद कापून नक्षी करण्याची कलाही आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात दख्खनमध्ये, विजापूरकडे, अबरीची चित्रं होत. पाण्यावर रंग सोडून त्याची लहर कागदावर उचलायची, ती अबरी. त्यात घोडा किंवा फकीर दाखवायचा असेल तर तेवढा भाग झाकून बाकीच्या कागदावर रंग चढवत. म्हणजे आपण आज ज्याला स्टेन्सिल म्हणतो तोच प्रकार. विजापूरच्याच इब्राहिम रोजाच्या खिडक्यांत दगड कोरून अक्षरांची जाळी केली आहे. उजेड अक्षरांमधून आत येतो. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. मोहरमच्या ताबुतावर चढणारी कागदाची आणि बेगडाची कातरनक्षी तर गावोगावी आपल्यासमोर होते, आणि ती करणाऱ्यांत बिगरमुस्लीम कारागीरही असतात.

म्हणून मुलांना मी कार्टूनचे आकार देत नाही. मेहराब, जाळी, आठ टोकांचा तारा, चंद्रकोर, खजुराचं झाड, सुरई. हे आकार त्यांनी मशिदीच्या दारावर, आजीच्या पानदानावर, बहिणीच्या लग्नपत्रिकेवर पाहिलेले असतात. फक्त स्वतःच्या हाताने कधी काढलेले नसतात.

कातर चालवताना मूल काय शिकतं

बाहेर बाजारात याला ‘डाय कटिंग’ म्हणतात. छापखान्यात प्लायवूडमध्ये खाचा पाडून त्यांत धारदार पोलादी पट्ट्या हव्या त्या आकारात वाकवून बसवतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबर लावतात, म्हणजे कापलेला कागद अडकून राहत नाही. मग ट्रेडल मशीनवर दाब दिला की एकसारखे शेकडो मेहराब पडतात. जुनी ट्रेडल मशीनं छपाईतून निवृत्त झाली तरी या कामावर अजून टिकून आहेत. आपल्या लग्नपत्रिकांवरच्या कमानी अशाच पडतात.

वर्गात आमची डाय म्हणजे पुठ्ठ्याचा साचा. पुठ्ठा कडेने लवकर झिजतो, म्हणून मी जुनी एक्स-रे फिल्म वापरते. एकदा नीट कापली की अख्खा वर्ग तिच्यावरून आखतो. बावीस बाय तीस इंचांच्या एका मोठ्या ड्रॉइंग शीटमधून पाच बाय सातची किती कार्डं निघतील, हे मी मुलांनाच काढायला लावते. उघडलेलं कार्ड दहा बाय सात इंचांचं. शीट एका बाजूने ठेवली तर आठ निघतात, दुसऱ्या बाजूने ठेवली तर नऊ. तेच क्षेत्रफळ, पण ठेवण्याच्या पद्धतीने एक कार्ड वाचतं. हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकतात, कारण ते पुस्तकातलं उदाहरण नसतं, त्यांच्या हातातला कागद असतो.

चौकट करायची ती अशी. कार्डाच्या मापाचा दुसरा कागद उभा मधोमध दुमडायचा. घडीच्या बाजूने अर्धा मेहराब आखायचा आणि कापायचा. उघडला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. कडेला अर्धा इंच सोडायचा, म्हणजे चौकट लोळागोळा होत नाही. आतून निघालेला मेहराब टाकायचा नाही; तो शेजारच्या मुलाच्या कार्डावर मधोमध चिकटतो. एकाची चौकट, दुसऱ्याचा आकार. चौकटीखाली जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे बारीक तुकडे लावले की ती थोडी उचलली जाते आणि सावली पडते. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने पट्टीला धरून एक रेघ ओढायची, म्हणजे जाड कागद घडीवर फुटत नाही.

तारा करताना भूमिती आपोआप येते. चौकोनी घोटीव कागदाची मधोमध घडी घालत तीन घड्या केल्या आणि तिरका काप दिला, तर चारच टोकं येतात. आठ हवी असतील तर चौथी घडी लागते. म्हणजे सोळा थर, आणि टोकाशी साडेबावीस अंशांचा कोन. ‘टोकं जितकी, थर त्याच्या दुप्पट’ हा नियम मी सांगत नाही. दोन-तीन कागद वाया गेले की मुलं तो स्वतः शोधतात. आणि सोळा थर कापायचे तर कागद पातळच घ्यावा लागतो, हेही त्यांना बोटं दुखल्यावर कळतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अक्षर कापणं. उर्दूत ‘ईद’ लिहून कापा. ऐन, ये आणि दाल तिन्ही जोडले जातात, म्हणून शब्द एका तुकड्यात हातात येतो. फक्त ‘ये’चे दोन नुक्ते वेगळे कापून चिकटवावे लागतात. ‘मुबारक’ मात्र तुटतो. अलिफ पुढच्या अक्षराला हात देत नाही, रे देत नाही. म्हणून मीम-बे-अलिफ एक तुकडा, रे दुसरा, काफ तिसरा. आता हेच शब्द देवनागरीत कापा. ‘मुबारक’ पूर्ण एका तुकड्यात निघतो, कारण वर शिरोरेषा आहे. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी सगळी अक्षरं तिला लटकलेली असतात. शिरोरेषा चुकून कापली की शब्द विखुरला.

वर्षानुवर्षं मी ‘कोणती अक्षरं जुडतात आणि कोणती नाही’ हे फळ्यावर लिहून देत आले. मुलं पाठ करत आणि विसरत. ज्या मुलाने एकदा ‘मुबारक’ कातरीने कापला आहे ते मूल विसरत नाही. मराठी घरांतल्या मुलांना काना-मात्रेचा त्रास होतो तसा आमच्या मुलांना शिरोरेषेचा होतो. घाईत ती तुटक काढतात. कापताना मात्र तिचं काम काय आहे ते त्यांच्या बोटांना समजतं. दोन लिपी, दोन स्वभाव. एक उजवीकडून येते, दुसरी डावीकडून, आणि कार्डाच्या मधल्या घडीवर दोघी भेटतात. उर्दू आणि मराठी यांच्यात मुलांनी एक निवडावी असं मला कधीच वाटलं नाही. ज्या मुलांच्या हातात दोन्ही आहेत, त्यांच्याकडे इतरांपेक्षा एक जास्त आहे.

आत काय लिहायचं

आतल्या मजकुरासाठी माझी एकच अट असते. ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द चालणार नाहीत. असं काहीतरी लिहा, जे फक्त याच माणसाला लिहिता येईल.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: “टीचर, ये कार्ड किसकू देनेका?” मी सांगते, दोन कार्डं करायची. एक घरातल्या किंवा नात्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी, उर्दूत. दुसरं अशा माणसासाठी ज्याच्या घरी ईद नसते; ते मराठीत.

उर्दू कार्डाचं काय होतं ते ऐका. कित्येक घरांत उर्दू वाचणारं एकच माणूस उरलं आहे, नानी किंवा दादाजान. आईवडिलांची शाळा मराठीत झाली, त्यांना बोलता येतं, वाचता येत नाही. नातवाचं कार्ड आलं की ते वाचून दाखवायचं काम नानीचं. एरवी औषधाच्या गोळीवरचं नाव दुसऱ्याकडून वाचून घेणारी नानी त्या दिवशी घरभर वाचून दाखवते. एका मुलीने मला सांगितलं की तिच्या नानीने तिचं कार्ड वाचलं आणि त्यातली इमल्याची एक चूकही काढली. मला त्या मुलीच्या दहा गुणांपेक्षा ती चूक मोलाची वाटली.

मराठी कार्ड आमच्या मुलांना अवघड जातं. त्यांची मराठी ही बहुतेक वेळा परीक्षेची मराठी असते. पत्रलेखनात ते काल्पनिक मुख्याध्यापकांना काल्पनिक अर्ज लिहितात. इथे खऱ्या माणसाला लिहायचं असतं. सातवीतल्या एका मुलाने शेजारच्या काकूंना लिहिलं, “काकू, दिवाळीत तुमच्या चकल्या आम्ही सगळ्यांत आधी संपवतो. ईदला मी शीरखुर्मा घेऊन येणार आहे. डबा परत देताना त्यात काही भरून द्यायची गरज नाही, पण दिलं तर चालेल.” मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. दुसऱ्याने पिठाच्या गिरणीवाल्या काकांना लिहिलं की, रोज्याच्या दिवसांत आमचं दळण तुम्ही आधी काढून देता हे अम्मी रोज सांगते. गिरणीवाल्या काकांना हे आजवर कुणी सांगितलं नसेल. सांगायला हवं असं आपल्या मोठ्यांच्याही लक्षात आलं नसेल.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप दीनचा. काही पालकांना वाटतं की हे दुसऱ्यांच्या सणाची नक्कल आहे, किंवा दीनमध्ये नसलेली नवी भर आहे. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण कार्ड ही इबादत नाही, तो व्यवहार आहे. आपण मोटारीने ईदगाहला जातो तसा. प्रेषितांनी (स.) एकमेकांना भेट द्यायला सांगितलं आहे, आणि शेजाऱ्याने दिलेली भेट कितीही लहान असली तरी तिला हलकं मानू नये, हेही शिकवलं आहे. लहान भेट म्हणजे काय हे मुलाला समजावून सांगायला कागदाच्या तुकड्यापेक्षा चांगलं साधन मला दिसत नाही. एक काळजी मात्र मी घेते. कार्डावर आयत किंवा अल्लाहचं नाव लिहू देत नाही. कार्ड आज ना उद्या रद्दीत जातं, पायाखाली येऊ शकतं. आपल्या लग्नपत्रिकांवर हे भान सुटलेलं दिसतं. पत्रिकेचे कागद पुन्हा वापरताना मी मजकुराचा भाग आधी वेगळा काढून ठेवते. ‘ईद मुबारक’ पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना आहे आणि ते बरोबरच आहे. पण उधळपट्टी पाहायची तर ती लग्नाच्या तीन-तीन पदरी, चकाकत्या, डबीतून येणाऱ्या पत्रिकांत पाहा. आमची निम्मी कार्डं त्याच पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर होतात. त्यांच्या कापलेल्या कमानी आम्हाला तयार चौकटी म्हणून मिळतात. कापड दुकानातले खोक्यांचे पुठ्ठे, वहीची मागची पानं, शिंप्याकडची लेस. विकत आणावा लागतो तो घोटीव कागद आणि फेविकॉल.

तिसरा आक्षेप परीक्षेचा, आणि तो सगळ्यात जोरात मांडला जातो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे रमजान सध्या नेमका वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत येतो. ‘मुलांचा अभ्यास सोडून कागद काय कापत बसता?’ असं मला एका पालकांनी भर सभेत विचारलं. कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकायची रीत तर जवळपास सगळ्याच शाळांत आहे.

त्यांना मी वर्ध्याची आठवण देते. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद झाली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार पुढे आला. त्याचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. मुलांसाठी गोष्टी लिहिणारा, जामियासारखी संस्था हलाखीत चालवणारा हा माणूस हातकामाला अभ्यासाचा शत्रू मानत नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकावं, कारागिरांकडे जावं, असं म्हटलं आहे. आठवड्याचा एक तास, रमजानचे चार आठवडे. चार तासांत कुणाचं वर्ष बुडत नाही. आणि वर सांगितलेली भूमिती, लिपी आणि पत्रलेखन हे अभ्यासाबाहेरचं आहे असं कुणी म्हणत असेल, तर अभ्यास म्हणजे काय हे आधी ठरवावं लागेल.

आणखी एक गोष्ट, जी आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही पण घडते. घरी गेल्यावर हे ‘मुलींचं काम’ ठरतं. भावाचं कार्ड बहीण करून देते. माझ्या वर्गात हे चालत नाही. विजापूरची जाळी कोरणारे आणि जुन्नरचा कागद उचलणारे हात पुरुषांचेच होते, हे मी मुलांना सांगते. शिवाय ज्याला एका रेषेत शांतपणे कापता येत नाही, त्याला ती शांती शिकण्याची गरज जास्त आहे.

दारापर्यंत

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आमच्या दौंड तालुक्यातून तुकोबांची पालखी जाते. यवत, वरवंड हे तिचे मुक्काम. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. तेव्हा महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी करण्याचं ठरवलं. कुणी हुकूम काढला नव्हता. नदीपलीकडे श्रीगोंद्यात शेख महंमदांची समाधी आहे. त्यांनी मराठीत लिहिलं आणि संत म्हणून ते गावाचे झाले. हा आमच्या भीमेकाठचा वारसा आहे.

आणि याच यवतमध्ये १ ऑगस्ट २०२५ ला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून तणाव झाला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. पोस्ट एकाची, भोगलं ते कितीतरी जणांनी. त्याचा न्याय पोलीस आणि न्यायालय करतील. शिक्षक म्हणून माझ्यासमोर प्रश्न उरतो तो दुसऱ्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलांचा. त्यांच्या हातातही फोन आहे. एका बोटाने पुढे ढकलता येणारी गोष्ट किती दूर जाते आणि काय पेटवते, हे त्यांनी जवळून पाहिलं.

एक कागदी कार्ड दंगल थांबवतं असा माझा दावा नाही. असं म्हणणं भोळेपणाचं होईल, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांची ती चेष्टा होईल. पण मी एवढं नक्की पाहिलं आहे की कार्ड द्यायला मुलाला दारात जावं लागतं. बेल वाजवावी लागते. “काकू, हे तुमच्यासाठी” एवढं तोंडाने म्हणावं लागतं. समोरच्याला ते हातात घ्यावं लागतं. त्या घरातल्या मुलालाही कळतं की ईद म्हणजे फक्त भोंगा आणि बंद रस्ता नव्हे, शेजारचा मुलगाही आहे. पुढे कधी फोनवर काही विखारी आलं, तर ते ज्याच्याबद्दल आहे त्याचा एक चेहरा तरी डोळ्यांसमोर असेल.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १ सप्टेंबर २००१ ला ईदचं पहिलं तिकीट काढलं. त्यावरची सोनेरी अक्षरं मोहम्मद झकरिया या अमेरिकी खत्तातची. दहा दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला. तिकीट मागे घ्या अशी ओरड सुरू झाली. खात्याने ते मागे घेतलं नाही. पुढच्या वर्षी नव्या किमतीत पुन्हा काढलं. जेव्हा वातावरण बिघडतं, तेव्हा ‘ईद मुबारक’ लिहिलेला छोटासा कागद समोरच्याच्या हातात देणं थांबवायचं नसतं, एवढंच मला त्यातून दिसतं.

तयार संच आणि कमाई

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा बोहरी आळीत आता कापलेले चांद, तारे, मेहराब पाकिटात तयार मिळतात. घरी ठेवण्याजोगी छोटी कटिंग मशीनंही आली आहेत. माझा त्यांना विरोध नाही. आमच्या काही माजी विद्यार्थिनी घरबसल्या ईदी-लिफाफे, रुखवताच्या पाट्या, आकिकाची कार्डं करून विकतात. एकसारखी पन्नास हवी असतील तर मशीन हवंच. त्यांचा तो रोजगार आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यांना माझं एकच सांगणं असतं: मालाची किंमत लावताना कागदाबरोबर आपल्या तासांचीही लावा. नात्यात ‘तेरे हाथ का है, पैसे कैसे लेती’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पण लहान मुलाच्या हातात तयार संच देऊ नका. त्यात शिकण्याजोगं फक्त चिकटवणं उरतं. वाकडा कापलेला स्वतःचा तारा त्याच्यासाठी जास्त चांगला. ज्याला कार्ड मिळतं त्यालाही वाकड्या ताऱ्यावरूनच कळतं की हे कुणीतरी बसून केलं आहे.

पुढच्या रमजानसाठी

माझ्या सहकारी शिक्षकांनो, पहिल्या जुम्म्यापासून आठवड्याचा एक तास बाजूला काढा. पहिल्या आठवड्यात साचे आणि घड्या, दुसऱ्यात चौकट, तिसऱ्यात दोन्ही लिपींतली अक्षरं, चौथ्यात आतला मजकूर. कार्डांवर गुण देऊ नका आणि प्रदर्शनही भरवू नका. कार्ड भिंतीवर लागलं की ते ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत जात नाही.

मराठी शाळांतल्या शिक्षकांनाही सांगते, दिवाळीत आकाशकंदील तुम्ही करून घेताच. तोच घोटीव कागद, तीच कातर. त्यातलं एक कार्ड मुसलमान वर्गमित्राच्या घरी गेलं तर फार बरं होईल. आमची नानी देवनागरी वाचत नसेल, पण ते वाचून दाखवायला घरात नातू असतो.

आणि पालकांनो, चांदरातीला मुलाच्या हातातला फोन पाच मिनिटं काढून घ्या. त्याच्या हातात कार्ड आणि शीरखुर्म्याचा डबा द्या. शेजारी तो एकटाच जाऊ दे.